पाहुण्यांना दिसेल तेवढा मका

मी जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या प्लँटवर कामाला आणि आमचं शेत भोकरदनकडे. त्या पावसाळ्यात मका गुडघ्याएवढा झाला आणि पानांवर पिवळे पट्टे उमटले. मी वडिलांना म्हणालो, "हा विषाणूचा रोग आहे, याला औषध नसतं. पट्टेवाली झाडं उपटून पुरा, न्हाई तर मावा किडे हा रोग शेतभर नेतील."

वडील खवळले. "उभं झाड उपटू? नोकरी लागली म्हणून मला शेती शिकवून राह्यला का?"

आमच्या वडिलांना खत-औषधाच्या दुकानदाराचं पटतं, पोराचं कधीच न्हाई. दुकानदाराने बुरशीचं औषध गळ्यात मारलं, ते त्यांनी इमानाने फवारलं. रोगाला त्याचं काय!

तेवढ्यात निरोप आला, माझ्यासाठी बघितलेल्या मुलीकडचे आमचं शेत बघायला येणार. मंग काय, वडिलांनी स्वतः रस्त्याकडच्या ओळींतली पट्टेवाली झाडं वेचून उपटली आणि खड्ड्यात पुरली. होणारे सासरे आले, बांधावरूनच "बराबर आहे" म्हणाले आणि चहाला वळले. सोयरीक जमली.

कणसं सोलली तेव्हा रस्त्याकडची दाण्यांनी गच्च भरलेली. आतल्या कणसांवर मात्र म्हाताऱ्याच्या तोंडात दात असतात तेवढे दाणे.

"आता पटलं का?" मी विचारलं.

"पटलं ना! तुझ्या सासऱ्याला आतपर्यंत चालायला काय झाल्तं? त्याने सगळं शेत बघितलं असतं, तर सगळा मका पिकला असता."