वरच्या पापणीची रेघ

भाचीच्या लग्नात कार्यालयातल्या आरशासमोर मी काजळाची पेन्सिल घेऊन उभी होते. चष्मा लावला की पेन्सिल डोळ्यापर्यंत पोचत नव्हती आणि काढला की डोळाच दिसत नव्हता. शेजारी अंबाडा नीट करणारी माझ्याच वयाची एक अनोळखी बाई, बहुधा मुलाकडची, हसली.

"द्या इकडे. वर बघा."

तिने माझी हनुवटी धरली. "खाली नका घालत जाऊ आता, पसरतं. वरच्या पापणीला बारीक रेघ पुरे. आणि पावडर कमी करा, सुरकुत्यांत बसते."

मला राग आला नाही. तिचा हात उबदार होता. मुलांचा ताप बघायला, सासूबाईंचं तोंड पुसायला आपला हात किती सहज पुढे होतो. पन्नाशीच्या बाईचा चेहरा मात्र कोणी हातात घेत नाही. आरशात आपण एकट्याच तो तपासत राहतो, कालच्यापेक्षा आज काय बिघडलं एवढंच शोधत.

"आता माझं," म्हणत तिने चष्मा काढला आणि डोळे मिटले. तिच्या पातळ झालेल्या पापण्या थरथरत होत्या. मी माझा चष्मा लावून अगदी हलक्या हाताने रेघ ओढली.

"कशी दिसतेय?"

'तरुण' हा शब्द ओठांवर आला होता. तो गिळून मी म्हटलं, "छान दिसताय."

तिने चष्मा लावला आणि आरशाकडे न बघताच मांडवात गेली.