तीन ट्रायपॉड आणि माझ्या फेऱ्या

माझी मुलगी मोडकळीस आलेल्या इमारतींचे फोटो काढते. इमारत दुरुस्त करायची की पाडायची, हे इंजिनिअर लोक त्या फोटोंवरून ठरवतात. तिचं काम तळघरात, बंद जिन्यात, जिथे लिफ्ट नाही आणि उजेडही नाही. फ्लॅश मारला तर भिंतीतल्या बारीक भेगा दिसत नाहीत, म्हणून ती कॅमेरा ट्रायपॉडवर लावते आणि शटर चार सेकंद उघडं ठेवते. तेवढ्यात कॅमेरा केसभर हलला तरी फोटो वाया.

जुना जड ट्रायपॉड तिने दहा वर्षं उजव्या खांद्यावर वाहिला. आता तो हात वर जात नाही. केस विंचरायचे तर मान खाली घालते. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, ओझं कमी करा, नाहीतर हे काम सोडा. काम सोडायचं नाव तिच्यापुढे काढायची सोय नाही. सोमवारपासून नऊ मजल्यांची इमारत होती. त्याआधी हलका पण भक्कम ट्रायपॉड हवा होता.

पहिला आणला. माडीवरच्या खोलीत भिंतीला वर्तमानपत्र चिकटवून तिने टायमर लावला. फोटोत प्रत्येक अक्षर दोनदा दिसत होतं. परत! दुसरा काळा, कार्बन फायबरचा, दोन बोटांनी उचलता येईल असा. तिचा जीवच जडला त्याच्यावर. खाली वजनाला पाण्याची पिशवी टांगली, मधला दांडा पूर्ण आत घेतला. तरी अक्षरं धूसर. तोही परत. मग हलकेपणाचा नाद सोडून तिने तिसरा आणला. जुन्यापेक्षा जेमतेम किलोभर कमी. तोही हलला.

"खांद्याला शेक देऊ का गं?" मी विचारलं.

"शेक नको आई, ट्रायपॉड दे."

दुकानदार फोनवर वैतागला. "ताई, माझा माल तुमच्याच घरी कसा थरथरतो? घरात भूतबीत आहे का?"

शनिवारी दुपारी तिने तिसऱ्यालाच पुन्हा उभं केलं. मी दार ते खिडकी, खिडकी ते दार करत होते. काळजी लागली की मला एका जागी बसवत नाही. घरच्यांना याची इतकी सवय झाली आहे की कोणाला ते दिसतही नाही. त्या खोलीची जमीन लाकडी फळ्यांची. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं, तशी ती पेल्याकडे बघत राहिली. मग माझ्या पायांकडे.

"आई, प्रत्येक वेळी तू अशीच फिरत होतीस?"

"मग काय करू? तुझा खांदा..."

"बस तिथे. पाय वर घे."

मी खुर्चीत मांडी घालून श्वाससुद्धा रोखून बसले. चार सेकंद. फोटोत छोट्या जाहिरातींची अक्षरंही स्वच्छ आली.

ती हसली नाही. तिने लगेच दुकानात फोन लावला. काळा ट्रायपॉड कालच विकला गेला होता. पुढचा माल महिन्याने.

"महिनाभर मी वाहते," मी म्हणाले.

"तू? तुझे गुडघे?"

"गुडघे माझे मी बघते."

सोमवारी सातव्या मजल्यावर पोहोचेपर्यंत मला धाप लागली होती. तिने ट्रायपॉड माझ्याकडून घेतला, डाव्या हाताने पाय उघडले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "दम नंतर खा. आता हलू नकोस."