अंगठ्यापायी विकलेली म्हैस

आमची म्हैस खडूस होती. माझ्याशिवाय कुणी कासेला हात लावला की पान्हा चोरायची. वडील बसले की बादली लवंडायची, आई बसली की लाथ. त्यामुळे बीएस्सीसाठी कोल्हापूरच्या कॉलेजात जायला लागले तरी पहाटेची धार माझ्याकडेच होती. धार काढायची, हात धुवायचे, मलकापूरहून येणारी एसटी पकडायची आणि प्रयोगशाळेत जाऊन एप्रन चढवायचा.

दुसऱ्या वर्षी मायक्रोपिपेट हातात आली. थेंबाचाही बारीकसा हिस्सा अचूक उचलणारं यंत्र. वरचं बटण अंगठ्यानं दाबलं की मध्येच एक अडथळा लागतो. तिथं थांबायचं, टोक द्रवात बुडवायचं आणि बटण हळूहळू सोडायचं. दुसऱ्या नळीत रिकामं करताना मात्र अडथळ्याच्या पुढं, तळापर्यंत दाबायचं. एवढंच. पण माझ्या अंगठ्याला तो अडथळा कळायचाच नाही. भरतानाच मी थेट तळ गाठायचे. मॅडम उचललेल्या पाण्याचं वजन करायला लावायच्या आणि माझं दर वेळी जास्त भरायचं.

"घरी धार काढतेस काय गं?" मॅडमनी चेष्टेत विचारलं. वर्ग हसला.

"हो, काढते," मी फणकाऱ्यानं म्हणाले.

"मग बरोबर. सड दाबून दाबून अंगठा राठ झालाय तुझा."

हे मी घरी जाऊन सांगितलं, भांडी आपटत. प्रॅक्टिकलची परीक्षा तोंडावर आली होती. लॅबमध्ये नोकरी हवी तर हे यंत्र हाताळता आलंच पाहिजे, हे आईला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर बादली तिच्या हातात.

"आजपास्नं तू धारंला हात लावायचा न्हाईस. मी काढतो."

"तुला देती व्हय ती?"

"न देऊन जाती कुठं? दील की!"

दिलं नाही. आईनं पेंडीचं आंबोण पुढं केलं, रेडकू सोडलं, लाडीगोडी लावली, शिव्या घातल्या. लाथा खाऊन तिची मांडी काळीनिळी झाली. मी बादलीकडे हात नेला की आई तो झटकून टाकायची. परीक्षा व्हायच्या आत म्हैस आटली, आईनं ती विकली आणि एक पावणा दावं धरून तिला घेऊन गेला. म्हैस आईची होती, तिच्या माहेरची. डेअरीत दूध तिच्या नावावर जायचं. गावात तिची स्वतःची म्हणून ओळख होती ती तेवढीच.

परीक्षेत मला पिपेट जमली. आता मी कोल्हापुरातच, राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये आहे आणि नव्या मुलींना शिकवते. या मुली फ्लॅटात वाढलेल्या. म्हैस त्यांनी गाडीला आडवी आलेली तेवढीच पाहिलेली. हात लोण्यासारखे मऊ. तरी सुरुवातीला त्यांचा अंगठाही थेट तळाला जातो. अगदी प्रत्येकीचा. मी सांगते, डोळे मिटून रिकामी पिपेट दाबत बसा. चार दिवसांत अडथळा कळायला लागतो.

म्हणजे धारेचा काही संबंधच नव्हता. मला नुसता सराव हवा होता. मॅडम सहज बोलून गेल्या, मी ते घरी नेऊन आदळलं आणि आईनं खरं मानलं. याची इतकी हळहळ वाटते की कधी कधी शिकवता शिकवता मी पिपेट मध्येच खाली ठेवते. मुलींना वाटतं, आपलं काहीतरी चुकलं.

आई आता दूध पिशवीतून आणते. गोठ्यात मोटारसायकल लावतात.

परवा नवी शेजारीण चहाला आली होती. आईनं मला स्वयंपाकघरातून ओढत बाहेर आणलं आणि माझा हात तिच्यापुढं धरला.

"ह्यो बघा अंगठा. ह्येच्यापायी म्हस इकली मी. उगं न्हाई झाली ही लॅबवाली." मग माझ्याकडे वळली. "व्हय की न्हाई गं?"

तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"व्हय," मी म्हणाले.