पाणी उतरलं की ये

मी गाव सोडलं त्या सकाळी तळं काठोकाठ भरलं होतं. श्रावण चालू होता. परभणीला जाणाऱ्या एस.टी.ची वाट बघत बा आणि मी फाट्यावर उभे होतो. माझ्याजवळ पत्र्याची एक पेटी होती, तिचा एक कोपरा काळा पडलेला. आठच दिवसांपूर्वी भर दुपारी आमची वस्ती पेटवली होती. आमच्या घराचं छप्पर गेलं, दारातला लिंब एका अंगानं करपला आणि पेटी तेवढी वाचली. साल अठ्ठ्याहत्तर. विद्यापीठाच्या नावावरून गावोगावी काय झालं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. गावात राहिलेल्यांनाही नको आणि माझ्यासारखे बाहेर पडले त्यांनाही नको.

मी पंधरा वर्षांची होते. माय मी लहान असतानाच गेली होती. पुण्याला मावशी होती, तिच्याकडं राहून शिकायचं असं बानं ठरवून टाकलं होतं. तू का येत नाहीस, असं मी आठ दिवसांत शंभरदा विचारलं असेल. गाडी आली तेव्हा बानं पेटी वर चढवली आणि माझ्याकडं न बघता तळ्याकडं बघत म्हणाला, "पाणी उतरलं की कारड टाकतो. दोरी धराया ये." नीट राहा, जेवत जा, यातलं काहीच तो बोलला नाही. मला त्याचा राग आला. परभणी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत रडत होते.

त्याचं उत्तर त्या तळ्यात होतं, हे पुढं कळत गेलं. आमचं शेत तळ्याच्या पोटात होतं. तळं निजामाच्या काळातलं. पावसाळ्यात भरायचं आणि दिवाळीनंतर हळूहळू आटायचं. पाणी मागं सरलं की खालचा गाळ उघडा पडायचा, त्यात भूमिहीनांना पेरायला तुकडे मिळायचे. याला आमच्याकडं गाळपेर म्हणतात. त्या ओलीवर हरभरा असा यायचा की ताडकळसच्या बाजारात गिऱ्हाईक विचारून घ्यायचं, तळ्यातला आहे का म्हणून. तळं भरलं की गाव पाळीवर, तळ्याच्या मातीच्या भिंतीवर, जाऊन नारळ फोडायचं आणि आमच्या घरात मात्र पाहुणा मुक्कामाला आल्यासारखे चेहरे. जाईल कधी, याचीच वाट. एखाद्या साली तळं पार कोरडं पडायचं, एखाद्या साली संक्रांतीपर्यंत हलायचं नाही. वर्षातले सहा महिने आमच्याकडं जमीन होती आणि सहा महिने नव्हती.

पाण्याखाली बांध राहत नाही, खुंटीही राहत नाही. दरवर्षी शेत नव्यानं शोधायचं. बाची रीत अशी होती. गाळात उतरून चालत राहायचं. पाळीवरच्या मोठ्या चिंचेआड मारुतीच्या देवळाचा कळस बरोबर लपला पाहिजे, ही एक रेघ. आमच्या दारातला लिंब शाळेच्या कोपऱ्याला चिकटलेला दिसला पाहिजे, ही दुसरी. दोन्ही एकदम जमलं की तिथं खुंटी ठोकायची, तो आमच्या तुकड्याचा कोपरा. मग मी दोरीचं टोक धरून उभी राहायची आणि बा उरलेले कोपरे काढायचा. ज्या देवळाची पायरी त्याला कधी चढू दिली नाही, त्याच्याच कळसावरून तो आपलं शेत शोधायचा. हे त्याला सांगितलं तर म्हणायचा, "कळस उंच हाय, सगळ्यांना दिसतो."

एक साल पेरलं नाही तर तुकडा दुसरा कुणी मागून घ्यायचा. म्हणून बा हलत नव्हता. तुकडा गेला की गावात आपलं काय राहिलं, असं त्याचं म्हणणं. जळकं घर तर कुणीही सोडून जाईल.

आमच्या तुकड्याला लागून रंगनाथ आबांचा तुकडा होता. आबांना वर चांगली जमीन होती, पण तळं बांधताना त्यांच्या आजाचं एक शेत बुडालं होतं, तेवढ्यावर त्यांचा हक्क. बा आणि आबा लहानपणी एकत्र गुरं राखायचे. वस्ती जळाली त्या दुपारी आबा आपल्या दारात उभे होते. त्यांनी आग लावली नाही, हे खरं. बा बादली घेऊन त्यांच्या वाड्यातल्या आडाकडं धावला, तेव्हा ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं, हेही खरं. त्या दिवसापासून बा त्यांच्याशी बोलला नाही. गाळात दोघं दहा हातांच्या अंतरावर पेरायचे आणि एकमेकांकडं बघायचे नाहीत.

पुण्यात मावशीची एक खोली होती. मी दहावी केली, मग नर्सिंगला लागले आणि हॉस्टेलवर राहायला गेले. पहिल्याच आठवड्यात "मी मेसला जायलेय" म्हटलं तर मुली पोट धरून हसल्या. मग मी 'जात आहे' म्हणायला शिकले, आणि इतकं चांगलं शिकले की आता गावाकडचं बोलणं तोंडात यायला दोन दिवस लागतात. ट्रेनिंग, ड्यूटी, वॉर्ड, क्वार्टर, असं करत मी सिस्टर झाले. सगळे सिस्टरच म्हणतात. सुमन हे नाव पगाराच्या कागदावर असतं. सुमे म्हणणारं पुण्यात कुणी नव्हतं, मावशी गेल्यावर तर नाहीच.

पण दरवर्षी कार्ड यायचं. रात्रशाळेत शिकलेल्या मोठ्या अक्षरांत दोनच वाक्यं. पाणी उतरलं. ये. कधी कार्तिकात, कधी पौषात. मी दोन दिवसांची रजा टाकायची, दोरी धरायची, हरभरा टोकायची, आणि नखांतला गाळ घेऊन परत ड्यूटीवर यायची. मेट्रन विचारायची, गावाला काय असतं गं नेहमी? मी म्हणायची, शेत निघतं. तिला वाटायचं मी पीक निघतं म्हणते आहे.

शेवटच्या परीक्षेच्या वर्षी मी गेले नाही. कार्ड आलं, मी नाही जमत म्हणून कळवलं, बानंही काही लिहिलं नाही. परीक्षा संपल्यावर गेले तेव्हा हरभरा घाट्यांवर आला होता. पाळीवरून उतरून मी बानं ठोकलेल्या खुंटीजवळ उभी राहिले आणि सवयीनं कळस बघितला. तो चिंचेआड गेला. लिंब बघितला, तर तो शाळेच्या कोपऱ्यापासून चांगला हातभर सुटा. मी मागं गेले, पुढं आले, पुन्हा बघितलं. बानं तीस पावलं चुकून आबांच्या तुकड्यात पेरलं होतं. त्याच्या डोळ्यांत पडदा आला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

आबा पाळीवर बसले होते. मी वर आल्यावर खाली बघतच बोलले, "बघितलंस न्हवं? त्याला सांगू नको. दिसंना झालंय त्याला. बी पडलं ते पडलं. तुमच्यात मी टोकलंय, पडीक न्हाई ठेवलं."

घर जळताना दार लावणाऱ्या माणसानं आमचा तुकडा राखला होता. हे बाला कळलं असतं तर त्यानं उभं पीक सोडून दिलं असतं, असं मला वाटलं. म्हणून गप्प राहिले. पुढच्या वर्षी बानं पुन्हा तिथंच खुंटी ठोकली, आणि मी समोर दोरी धरून उभी असूनही बोलले नाही. असं किती तरी वर्षं चाललं.

माझी ड्यूटी तेव्हा डोळ्यांच्या वॉर्डात होती, यापेक्षा मोठी थट्टा काय असेल. रोज लोकांच्या बापांच्या पट्ट्या मी सोडत होते आणि माझा बाप गावात चाचपडत होता. त्याचं ऑपरेशन करून घेतलं तर त्याला लिंब दिसेल, शाळेचा कोपरा दिसेल, आणि आपण इतकी वर्षं कुणाच्या जमिनीत पेरलं तेही दिसेल. मी दोन वर्षं टाळलं. रजा नाही, बेड नाही, असं त्याला लिहीत राहिले; शाळेतली पोरं त्याची कार्डं लिहायची आणि माझी वाचून दाखवायची. आज हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते. शेवटी तो चुलीत हात भाजून घेऊन बसला, तेव्हा मी जाऊन त्याला घेऊन आले.

पट्टी सुटल्यावर त्यानं आधी माझ्याकडं बघितलं. "केस पिकायलेत की गं तुझे," म्हणाला. त्याला पुण्यात राहा म्हटलं तर चार दिवस राहिला आणि पाचव्या दिवशी पिशवी भरली.

त्या वर्षी पाणी लवकर उतरलं. जाड भिंगांचा चष्मा लावून बा पाळीवर उभा राहिला. त्यानं कळस बघितला, लिंब बघितला, बराच वेळ बघितलं. माझ्या हातातली दोरी घामानं ओली झाली होती. मग तो खाली उतरला आणि सरळ आबांच्या तुकड्यात जाऊन त्यानं खुंटी ठोकली.

"बा, इथं नाही," मी म्हटलं.

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"पयल्याच वर्षी. चार पावलं टाकली अन् कळलं. आपली माती चिकट, पाय सोडत न्हाई. ही भुसभुशीत हाय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला बोलवावं लागलं असतं. परीक्षा व्हती तुझी." त्यानं दोरी खुंटीला बांधली. "अन् त्यानं आडवलं न्हाई, मी इचारलं न्हाई. आमचं तेवढंच बोलणं झालं."

दोन वर्षांनी बा गेला. हरभरा काढून झाला होता. आबा मातीला आले आणि लांब उभे राहिले. त्यानंतर मला कार्ड आलं नाही. पुण्यात थंडी पडली की मी क्वार्टरच्या जिन्याखालची टपालपेटी उघडून बघायची. पगाराचं, विम्याचं, युनियनचं टपाल असायचं. तळं भरलं की आटलं, हे मला कुणी कळवत नव्हतं, आणि कुणी का कळवावं?

या वर्षाच्या सुरुवातीला विद्यापीठाचं नामांतर झालं. क्वार्टरमध्ये पेढे वाटले, रेडिओ मोठ्यानं लावले. मलाही आनंद झाला, खरंच झाला. पण ज्या नावापायी आमचं छप्पर गेलं ते नाव आता पाटीवर लागलं, हे ज्याला सांगायचं तोच नव्हता. मी रजा टाकली आणि गावाला गेले.

पाणी उतरलेलं होतं. चिंच होती, कळस होता. लिंब नव्हता. रस्ता रुंद केला त्यात तो गेला आणि घराच्या भिंतीही गेल्या. दोनपैकी एकच रेघ उरली होती. आमचा तुकडा त्या रेघेवर कुठं तरी होता, एवढंच मला सांगता आलं असतं. मी चपला काढल्या आणि कळस चिंचेआड ठेवून अनवाणी चालू लागले. वाटलं, पायाला कळेल. सोळा वर्षं फरशीवर आणि पांढऱ्या बुटांत राहिलेले पाय. गार गाळ लागला, यापलीकडं त्यांना काही कळलं नाही. मी तिथंच उभी राहून रडले.

"आजून फुडं," पाळीवरून आवाज आला. आबा होते. काठी टेकत उभे. "आजून. हां, थांब. ह्यो तुमचा कोपरा. तुझा बा पेरायचा त्यो उजव्या अंगाला."

दोन्हीकडं हरभरा उभा होता. आमच्यात त्यांनीच टोकला होता. पडीक पडलं की जातं, म्हणाले. मी वर येऊन शेजारी बसले. काठी मांडीवर आडवी ठेवून ते म्हणाले, "त्या दिशी मी दार लावलं."

"हो," मी म्हटलं. "मला माहीत आहे."

मी आणखी काही म्हणेन असं त्यांना वाटलं असेल. माझा राग गेलेला नाही, आणि खोटं बोलायची तिथं जागा नव्हती. पण माझं घर कुठं आहे, हे जगात आता त्या एकाच माणसाला ठाऊक आहे. पर्समध्ये एक कोरं कार्ड होतं. त्यावर माझा पुण्याचा पत्ता लिहिला आणि त्यांच्या हातात दिलं. पाणी उतरलं की टाका, म्हटलं.

"मला लिवाया येत न्हाई," ते म्हणाले.

"लिहू नका. नुसतं पेटीत टाका."

मार्गशीर्ष लागला आहे. रोज ड्यूटीवरून आले की जिन्याखालची पेटी बघते. अजून आलं नाही. यंदा पाणी जास्त असेल.