रिकाम्या स्टेजसाठी टाळ्या

मंडळी, आज दुपारी संत तुकाराम नगरच्या नाट्यगृहात लेकीचं गॅदरिंग होतं. घरी येऊन तीन तास झाले, तरी मी अजून तिथेच आहे.

आमचे बाबा भोसरीत लेथवर कामाला होते. कुठलंही नाटक असो, या नाट्यगृहात पडदा उघडला की ते एकटेच टाळ्या वाजवायचे. स्टेजवर अजून कुणी आलेलंही नसायचं. लहानपणी मी लाजून खुर्चीत खाली सरकायचे.

आज लेकीला सोडायला मी आणि बाबा विंगेत गेलो. अर्धवट अंधार, जुन्या मखमलीचा वास. बाबा मान वर करून पडद्याचे दोर ज्यांवरून फिरतात त्या कप्प्यांकडे बघतच राहिले. मग पडदा ओढणाऱ्या काकांना हळूच म्हणाले, "कप्प्या त्याच हायेत का?"

"पडदा बदलला, दोर बदलले. कप्प्या पहिल्यापासूनच्याच. का हो?"

"हे थेटर बांधत व्हते तवा आमच्या शॉपमधी केल्या. मीच लेथवर काढल्या, ओव्हरटाइमला."

काकांनी दोर बाबांच्या हातात दिला.

मी धावत जागेवर आले. तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले आणि पडदा पाण्यासारखा सरकत गेला, जराही आवाज न करता. दाराजवळच्या कोनशिलेवर बरीच नावं आहेत. बाबांचं नाही.

मी टाळ्या वाजवायला लागले. एकटीच.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "अहो, अजून कुणीच आलं नाहीये. टाळ्या कुणाला?"

तुम्ही काय सांगितलं असतं?