डावा दबायलाय

"डावा दबायलाय."

डोळे मिटून, तर्जनी वर धरून सर एवढंच म्हणायचे, आणि परभणीतला आणखी एक दुकानदार कपाळाला हात लावायचा.

सर म्हणजे मी शिकवायचो त्या शाळेतले भूगोलाचे शिक्षक. शाळा ताडकळसला, पण आम्ही दोघे राहायला परभणीत, एकाच गल्लीत. त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून मी रोज शाळेत जायचो. रस्ताभर मी त्यांच्या डाव्या खांद्यावरून बोलत असायचो आणि ते क्वचितच उत्तर द्यायचे. मला वाटायचं, माणूस खोल विचाराचा आहे.

निवृत्ती जवळ आली तसं सरांच्या मनानं घेतलं की आता घरात गाणं नीट ऐकायचं. मोबाईलच्या चिरक्या आवाजात नाही. शेल्फवर मावतील असे दोन छोटे स्पीकर आणायचे, पण आवाज खरा पाहिजे. घराचे हप्ते चालू होते, मुलगी बाहेरगावी शिकत होती. वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, मंजूर केलेल्या रकमेत फार तर एक बरा मिक्सर आला असता.

"त्याच्या वर एक रुपया न्हाई," वहिनी म्हणाल्या. "आन् शेल्फ कुठंय आपल्याकडं?"

शेल्फ नव्हतंच. सरांनी आधी सुताराकडून ते करून घेतलं. त्यावर स्पीकरच्या आधी लोणच्याची बरणी जाऊन बसली.

मग अभ्यास सुरू झाला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून सर मोबाईलवर स्पीकरांची परीक्षणं बघत आणि मधल्या सुट्टीत आम्हाला शिकवत. "बेस म्हणजे काळी माती. पाय रुतला पाहिजे. ट्रेबल म्हणजे मुरूम. पायाखाली वाजला पाहिजे. ह्या किमतीत दोन्ही मिळत न्हाई, म्हणून दोन्हीच्या मधलं रान बघायचं." गणिताच्या बाई म्हणाल्या, "सर, स्पीकर घ्यायलात का वावर?"

पहिली स्वारी स्टेशनकडच्या एका जुन्या दुकानात गेली. दुकानदार पांढऱ्या दाढीचे, अदबशीर. सगळं गाव त्यांना चाचा म्हणे. चाचांनी सरांचं बजेट ऐकलं, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही, आणि धूळ पुसून एक जोडी समोर मांडली. सरांनी पेनड्राईव्हमधला अभंग लावला. डोळे मिटले. बोट वर.

"डावा दबायलाय."

"सर, दोनो जुळे भाई हैं," चाचा म्हणाले. "एकीच पेट के."

त्यांनी डावीकडचा स्पीकर उजवीकडं नेला, उजवीकडचा डावीकडं. सरांनी पुन्हा ऐकलं. पुन्हा डावाच दबला. सर विजयी मुद्रेनं माझ्याकडं वळले. "बघितलंत? स्पीकर नीट हाय. दुकानाची ती बाजूच खराब हाय."

त्यानंतर आम्ही जेवढी दुकानं हिंडलो, त्या सगळ्यांची डावी बाजू खराब निघाली. ताडकळसच्या बाजारात लग्नात लाऊडस्पीकर लावणाऱ्या एकानं आपलं जुनं खोकं देऊ केलं. ते सुरू झालं आणि शेजारच्या टपरीवरचे ग्लास सरकायला लागले. आवाज थांबल्यावर सर शांतपणे म्हणाले, "ह्याचाबी डावा दबतोय." ते खोकं एकच होतं. ऑनलाईन मागवलेल्या दोन जोड्या परत गेल्या. दुसऱ्यांदा न्यायला आलेला माणूस दारातूनच विचारू लागला, "डावा का?"

शेवटी थकून सर पुन्हा चाचांकडं गेले. चाचांनी तीच पहिली जोडी बांधून दिली. "घर ले जाव सर. चार दिन सुनो. पैसे की बात बाद में."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांनी मला ऐकायला बोलावलं. शेल्फवर बरणीच्या दोन अंगांना दोन स्पीकर होते. अभंग सुरू झाला. मला तर झकास वाटला. सरांचं बोट वर गेलं.

ते काही बोलायच्या आत वहिनी पिठाचे हात पुसत बाहेर आल्या. "उठा," त्या म्हणाल्या. "खुर्ची फिरवा. स्पीकरकडं पाठ करून बसा."

सर मुकाट्यानं बसले.

"आता कोन्ता दबायलाय?"

सरांनी डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. मग चाचरत म्हणाले, "आता... दुसरा."

"स्पीकर जागचे हाललेत का?"

सरांनी मान वळवून शेल्फकडं पाहिलं.

"मी कवापासून तुमच्या उजव्या अंगाला जेवायला बसायले," वहिनी म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "तुमाला कळंल, मग तुमीच बोलताल, म्हणून गप होते."

सरांनी डाव्या कानाला हात लावला, जणू तो जागेवर आहे का ते बघत होते. अभंग चालूच होता. मला कुठं बघावं कळेना, म्हणून मी लोणच्याकडं बघत राहिलो. अखेर सर उठले, त्यांनी खुर्ची सरळ केली आणि म्हणाले, "म्हणजे चाचांचा माल चांगला हाय."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, त्या कानाची नस गेलीय, यंत्रानंही उपयोग नाही. सर सगळ्यात आधी चाचांकडं गेले, माफी मागायला. चाचांनी त्यांचा हात धरला. "मैं तो उस कोने में लोबान जलाया था, सर. सोचा, कुछ बला है."

जोडी ठेवून घेतली. पण एका कानाला दोन स्पीकर कशाला, असा हिशोब करून सरांनी लांब वायर आणली आणि एक स्पीकर स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्यांमध्ये बसवला. "हिच्याकडं टाळ जास्त जातो, माझ्याकडं पेटी," ते मला कौतुकानं सांगत. "कधी कधी अदलाबदल करतो. भांडण नको."

निवृत्त झाल्यावर दोघं राणीसावरगावला, त्यांच्या गावी राहायला गेले. परवा त्या बाजूला गेलो होतो, म्हणून डोकावलो. सर बाजाराला गेले होते. दारातूनच गाणं ऐकू आलं. आत वहिनी जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि समोर, दोन पाटांवर, दोन्ही स्पीकर शेजारी शेजारी ठेवलेले. मला बघून त्या लाजल्या.

"ते भाईर गेले की दोन्ही एकत्र लावते," त्या म्हणाल्या. "ऐका की. गानारी बाई मधी येऊन बसल्यावानी वाटते. इथं. हात लावावा इतकी जवळ."

मी बसून ऐकलं. खरंच तसं वाटत होतं.

"त्यांना नका सांगू," वहिनी म्हणाल्या. "त्यांना ती दिसायची न्हाई."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल वाजली. वहिनी लगबगीनं उठल्या. एक स्पीकर त्यांनी लेकरासारखा कडेवर घेतला, लोंबती वायर दुसऱ्या हातात गोळा केली, आणि गाणं न थांबवता त्या स्वयंपाकघरात गेल्या.