मामाच्या दाढेवरचा उंचवटा

हसू नका म्हणून सांगण्यात अर्थ न्हाई, तुम्ही हसणारच. तरी माझ्याच तोंडून ऐका, कारण लातुरात ही गोष्ट आता माझ्याआधी पोचते.

आमची दातांची लॅब. डॉक्टर माप घेतात, आम्ही त्यावरून धातूची कॅप करून देतो. बाबांच्या काळी मशीन म्हणजे पत्र्याच्या पिंपात बसवलेला स्प्रिंगचा दांडा. मेणाच्या कॅपवरून केलेला साचा भट्टीत तापवायचा, गॅसच्या ज्वाळेवर धातू वितळवायचा अन् चावी भरलेला दांडा सोडून द्यायचा. तो असा गरागरा फिरायचा की धातू साच्यात अन् आम्ही दाराबाहेर. पुढं विजेवर धातू वितळवणारं मशीन आलं, तेव्हा कुठं बाबांच्या भुवया परत उगवल्या. अन् आता मी आणलं लेझरचं. आधी स्कॅनर दाढेचा नमुना टिपतो, मग पिठासारखी धातूची पूड, थरावर थर, कॅप तयार. मला लई अभिमान वाटला. आजही वाटतो, खोटं कशाला बोलू?

पहिलं काम नांदेडच्या डॉक्टर मॅडमचं. त्यांची सगळी कामं हैदराबादला जायची. "एक करून दाखवा, जमलं तर पुढचं बघू," म्हणाल्या. पेशंटही घरचाच, नायगावचा माझा मामा.

नवीन मशीन म्हटल्यावर पूजा आलीच. माझ्या बायकोनं, रेखानं, नारळ फोडला, मशीनला हळदकुंकू वाहिलं. शेजारीच मामाच्या दाढेचा प्लॅस्टरचा नमुना होता. "पहिलं काम हाय, त्याला बी वाहते," म्हणत तिनं त्यालाही ओलं कुंकू लावून वर अक्षता टाकल्या.

अक्षता मी झटकल्या. पण पहिल्याच कामाचं कुंकू पुसायचं? माझं मन होईना. स्कॅनरला रंगाचा त्रास नको म्हणून वरून पांढरी पावडर फवारली अन् नमुना आत ठेवला.

स्क्रीनवर मामाची दाढ आली, कलिंगडाएवढी. माथ्यावर एक लांबट उंचवटा.

"बघ," मी रेखाला म्हणालो, "डोळ्याला जे दिसत न्हाई ते मशीनला दिसतं."

"पण हे हाय तरी काय?"

"मॅडमकडून घासायचं राहिलं असणार."

इथं गप्प बसावं की न्हाई माणसानं? मी फोन लावला.

"मॅडम, दाढेवर जरा उंचवटा राहिलाय. म्हटलं कळवावं."

"मी स्वतः घासलीय. गुळगुळीत आहे."

"मशीन खोटं बोलत न्हाई, मॅडम."

त्या म्हणाल्या, "कॅप घेऊन या. मामांनाही बोलावते."

"अहो, काम मागून राहिलात का भांडून राहिलात?" रेखा म्हणाली. मी ऐकतोय कुठला. स्कॅनप्रमाणं कॅप बनवली अन् एसटीत तिची डबी मांडीवर धरून शेजारच्याला सगळं मशीन समजावून सांगितलं. अहमदपूरला तो उतरला. त्याला तिथंच उतरायचं होतं का, माहीत न्हाई.

दवाखान्यात मॅडमनी मला आधी दाढ दाखवली. काचेसारखी गुळगुळीत. मग कॅप उलटी करून भिंगाखाली धरली. आत एक खळगा होता.

"मशीनची पूजा केली का हो?"

"केली की."

"मग हा तांदूळ आहे."

मी वाकून बघितलं. तांदूळच. एक टोक निमुळतं, दुसरं तुटलेलं, अन् तुटक्या कडेची खडबडसुद्धा मशीननं सोडली नव्हती.

"अन् अक्षता तुटक्या वाहतात का?" मॅडम म्हणाल्या.

मामा खुर्चीत आडवा होता. तसाच बोलला, "भाच्या, डोक्यावर टाकायच्या त्या दाढेत कशाला रे टाकल्यास?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. काम गेलं हैदराबादला, हे मी धरूनच चाललो. पण मॅडम भिंगातून परत बघत होत्या.

"तुमचं मशीन खरंच खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. "अर्ध्या तांदळाची कड इतकी हुबेहूब उतरते, तर दाताची का नाही उतरणार? नवी कॅप आणा. पुढची कामंही पाठवते."

नवी कॅप चपखल बसली. तेव्हापासून नांदेडची सगळी कामं आमच्याकडं येतात अन् माझी छाती फुगलेली असते. फक्त मॅडमकडून येणाऱ्या नमुन्याच्या प्रत्येक डबीवर लाल शाईनं एक ओळ असते: स्कॅन करण्याआधी निवडून घेणे.